खाली कोण थांबलं होतं? : १६४८ ची एक डोंगरचढाई आणि प्रयोगाची आखणी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझी तीन महिन्यांची रीडिंग्ज वाया गेली. मी वायू ओळखणाऱ्या सेन्सरवर काम करतो. जून ते ऑगस्ट रोज सकाळी एकच सेन्सर लावायचो, वायू सोडायचो, आकडे वहीत उतरवायचो. आलेख छान वर चढत होता. सेमिनारमध्ये मी तो मोठ्या उत्साहाने दाखवला आणि मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "रेफरन्स कुठे आहे?" म्हणजे, ज्याला वायू दिलाच नाही असा दुसरा, हुबेहूब तसाच सेन्सर शेजारी ठेवला होता का? नव्हता. मग आलेख वायूमुळे चढला की पावसाळ्याच्या दमटपणामुळे, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. चूक पूर्णपणे माझी होती.

त्यानंतर मी विज्ञानाच्या इतिहासात जरा डोकावायला लागलो आणि तिथे मला एका दिवसाच्या डोंगरचढाईची हकिकत सापडली. तारीख १९ सप्टेंबर १६४८, वार शनिवार, डोंगर फ्रान्समधला प्युई द दोम. सकाळी निघून संध्याकाळी परत, फार अवघड नाही, फार सोपीही नाही. आपण कळसूबाईला जातो साधारण तशीच. पण या चढाईची आखणी इतकी नीट होती की संशोधन सुरू करणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी वाचावी असं मला वाटतं.

प्रश्न काय होता?

विहिरीतलं पाणी वर ओढणारा पंप साधारण १० मीटरपेक्षा जास्त उंचीवर पाणी ओढू शकत नाही, हे कारागिरांना माहीत होतं. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या पुस्तकात याचा उल्लेख केला. का ओढू शकत नाही, हे मात्र नीट कळलेलं नव्हतं. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेलं उत्तर असं होतं, की निसर्गाला रिकामी जागा सहन होत नाही, म्हणून पाणी ती भरायला धावतं. मग १० मीटरच्या पुढे निसर्गाला रिकामी जागा कशी काय चालते?

१६४४ मध्ये इटलीतल्या तोरिचेल्लीने पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड, त्यामुळे १० मीटरचं काम पाऊण मीटरमध्ये होतं. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने काठोकाठ भरायची, उघड्या तोंडावर बोट ठेवायचं, पाऱ्याच्या भांड्यात उपडी करायची आणि बोट काढायचं. पारा थोडा खाली उतरतो आणि साधारण ७६ सेंटिमीटरवर थांबतो. वर उरते ती पोकळी. तोरिचेल्लीचं म्हणणं होतं की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. भांड्यातल्या पाऱ्यावर त्या हवेचा भार पडतो आणि तोच भार नळीतला पारा तोलून धरतो.

कल्पना सुंदर होती, पण पुरावा कुठे होता? नळीकडे बघून दोन्ही पक्ष आपापलं म्हणणं मांडू शकत होते. एक म्हणे हवा पाऱ्याला खालून ढकलते, दुसरा म्हणे पोकळीची नावड त्याला वरून ओढते. प्रयोग एकच, निकाल एकच आणि अर्थ दोन. संशोधनात ही अवस्था फार वेळा येते. अशा वेळी तोच प्रयोग शंभरदा करून काहीच उलगडत नाही. जिथे दोन कल्पना वेगवेगळं भाकीत करतील अशी जागा शोधावी लागते.

पत्रातली आखणी

ती जागा ब्लेझ पास्कलने शोधली: डोंगराचा माथा. तेव्हा तो २४ वर्षांचा होता, म्हणजे आपल्याकडे एम.एस्सी. होऊन पीएचडीला नोंदणी करण्याचं वय. १५ नोव्हेंबर १६४७ या तारखेचं पत्र त्याने आपल्या मेहुण्याला, थोरली बहीण झिल्बेर्तच्या नवऱ्याला, लिहिलं. मेहुण्याचं नाव फ्लोरँ पेरिए. हे क्लेरमाँ शहरातल्या न्यायालयात सल्लागार होते आणि प्युई द दोम त्या शहराच्या अगदी जवळ आहे.

पत्रातला तर्क सरळ आहे. हवेच्या भारामुळे पारा उभा राहत असेल, तर माथ्यावर तो कमी उंच राहायला हवा, कारण तिथे डोक्यावर हवा कमी. आणि पोकळीच्या नावडीमुळे राहत असेल, तर फरक पडायचं कारण नाही, कारण निसर्गाला पायथ्याशी पोकळी जास्त नावडते आणि माथ्यावर कमी, असं कोणी म्हणू शकणार नाही. एका निरीक्षणात दोन्ही कल्पनांची परीक्षा.

पण मला जास्त आवडतो तो पत्रातला व्यावहारिक भाग. एकाच दिवशी, त्याच नळीत, तोच पारा वापरून, पायथ्याशी आणि माथ्यावर अनेकदा प्रयोग करायचा, असं पास्कल लिहितो. या अटी नुसत्या वाचून सोडू नका. नळी बदलली तर फरक नळीचा असू शकतो. पारा बदलला तर फरक त्याच्या शुद्धतेचा असू शकतो. दिवस बदलला तर हवामानाचा. आपल्याला हवी ती एकच गोष्ट, म्हणजे उंची, बदलायची आणि बाकी सगळं जागच्या जागी धरून ठेवायचं.

शिवाय तो अडचणीही मोजतो. डोंगर पुरेसा उंच हवा, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल. तो शहराजवळ हवा, म्हणजे सामान नेता येईल. आणि काम काटेकोरपणे करणारा माणूस तिथे हवा. तिन्ही गोष्टी एकत्र मिळणं कठीण, आणि क्लेरमाँला त्या मिळत होत्या. पास्कलची स्वतःची प्रकृती तोळामासा, आणि तो होता दूर पॅरिसला. त्यामुळे ज्या चढाईशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं, ती त्याने स्वतः केलीच नाही.

दहा महिने वाट

पत्र नोव्हेंबरात आणि चढाई पुढच्या सप्टेंबरात. मध्ये दहा महिने गेले. पेरिएंना नोकरीची कामं होती, आणि डोंगरावर कधी बर्फ तर कधी धुकं. मॅरँ मर्सेन हे तेव्हाचे मोठे विद्वान, युरोपभरच्या अभ्यासकांशी पत्रव्यवहार ठेवणारे. त्यांनाही हा प्रयोग व्हावा असं फार वाटत होतं, पण ते १ सप्टेंबर १६४८ ला वारले. निकाल अठरा दिवसांनी लागला.

आपला प्रयोग सहा महिने रखडला की आपण हवालदिल होतो. एखादं रसायन येत नाही, एखादं यंत्र दुरुस्तीला जातं. अशा वेळी मला पेरिए आठवतात. ते थांबले, पण त्या काळात सामान नीट जमवून ठेवलं.

शनिवार, १९ सप्टेंबर

त्या आठवड्यातही हवा बेभरवशाची होती. पहाटे पाचच्या सुमाराला आकाश निवळलं, डोंगराचा माथा दिसला आणि पेरिएंनी ठरवलं, आजच जायचं. त्यांनी शहरातल्या काही जणांना निरोप धाडले. सोबत कोण आले बघा: मठातले एक धर्मगुरू, कॅथेड्रलचे एक अधिकारी, न्यायालयातले दोन सहकारी आणि एक डॉक्टर. हे सगळे विद्वान आणि गावात ज्यांच्या शब्दाला मान आहे असे लोक. तेव्हा नियतकालिकं नव्हती, परीक्षक नव्हते. साक्षीदार हाच तेव्हाचा 'पीअर रिव्ह्यू'.

सकाळी आठला सगळे मिनिम पंथाच्या मठाच्या बागेत जमले. ही बाग शहरातल्या जवळजवळ सगळ्यात सखल जागी होती. पेरिएंनी १६ फ्रेंच पौंड, म्हणजे पावणेआठ किलोच्या आसपास पारा आणला होता आणि आधीचे तीन दिवस तो शुद्ध करून घेतला होता. सोबत सारख्याच जाडीच्या, चार फ्रेंच फूट, म्हणजे सुमारे १.३ मीटर लांबीच्या दोन काचेच्या नळ्या.

डोंगर चढायच्या आधी त्यांनी बागेतच दोन्ही नळ्या एकाच भांड्यात उपड्या करून पाहिल्या. दोन्हींमध्ये पारा अगदी सारखा उभा राहिला: २६ इंच साडेतीन रेषा. (जुना फ्रेंच इंच सुमारे २७ मिलिमीटरचा आणि एका इंचात १२ रेषा, म्हणजे एक रेषा सव्वादोन मिलिमीटर.) हे त्यांनी पुन्हा पुन्हा करून खात्री केली. आजच्या भाषेत, दोन उपकरणांचं एकमेकांशी कॅलिब्रेशन.

आणि मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी हा लेख लिहितोय. एक नळी त्यांनी तिथेच, बागेत, तशीच उभी ठेवली. पारा कुठे आहे त्याची खूण केली आणि मठातल्या फादर शास्टँना विनंती केली: दिवसभर अधूनमधून हिच्याकडे बघत राहा, पारा हलतोय का ते सांगा.

बाकीची मंडळी दुसरी नळी आणि पारा घेऊन निघाली. माथा बागेपासून सुमारे ५०० त्वाझ वर, असा त्यांचा अंदाज होता. एक त्वाझ म्हणजे जवळपास १.९५ मीटर, तेव्हा साधारण ९७५ मीटर. माथ्यावर पुन्हा नळी भरली, उपडी केली, बोट काढलं. पारा उभा राहिला २३ इंच २ रेषांवर.

फरक ३ इंच दीड रेषा, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरच्या जवळपास. डोळे फाडून बघायची गरज नाही, लांबून दिसावा इतका. पेरिए लिहितात की सगळे थक्क झाले. पण थक्क होऊन ते लगेच खाली आले नाहीत. माथ्यावर वेगवेगळ्या ठिकाणी त्यांनी प्रयोग पाच वेळा केला: तिथल्या छोट्या देवळात, उघड्यावर, आडोशाला, वाऱ्यात, स्वच्छ हवेत आणि मध्येच आलेल्या पावसा-धुक्यात. दर वेळी उंची तीच. म्हणजे फरक वाऱ्याचा किंवा थंडीचा असेल ही शंकाही तिथल्या तिथे फेडली.

उतरताना वाटेत लाफोँ द लार्ब्र नावाच्या ठिकाणी थांबून पुन्हा मोजलं: २५ इंच. मधल्या उंचीवर मधलं उत्तर. नुसते पायथा आणि माथा असे दोनच बिंदू असते तर 'माथ्यावरच काहीतरी वेगळं असेल' असं कोणी म्हणू शकलं असतं. तिसऱ्या बिंदूने ती वाट बंद केली.

संध्याकाळी बागेत परत आल्यावर फादर शास्टँ म्हणाले, दिवसभर हवा सारखी बदलत होती, ऊन, पाऊस, धुकं, वारा सगळं झालं, पण पारा खुणेवरून हलला नाही. मग वर नेलेली नळी पुन्हा बागेत लावून पाहिली. २६ इंच साडेतीन रेषा. जिथून निघाले तिथेच पोचले.

दुसऱ्या दिवशी, कोणीतरी सुचवलं म्हणून, पेरिएंनी क्लेरमाँच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर मोजलं. मनोरा सुमारे २० त्वाझांचा, म्हणजे ३९ मीटर. फरक आला सुमारे २ रेषा. निकालाचं पत्र २२ सप्टेंबरला पास्कलला गेलं. त्याने पॅरिसमध्ये उंच इमारतींवर तेच करून पाहिलं आणि त्याच वर्षी सगळी हकिकत छोट्या पुस्तिकेत छापली. त्यात त्याने हेही लिहिलं, की दोन ठिकाणं एकमेकांपासून कितीही लांब असली तरी त्यातलं कुठलं जास्त उंच हे आता पाऱ्यावरून कळू शकेल. तुमच्या फोनमधलं उंची दाखवणारं ॲप वायुभार सेन्सर वापरत असेल तर ते हेच करतं, आणि ज्या एककात मोजतं त्याचं नावही पास्कलच.

आकडे तपासून बघू

जुने आकडे आजच्या सूत्रात घालून बघायची मला सवय लागलीय. २६ इंच साडेतीन रेषा म्हणजे सुमारे ७१२ मिलिमीटर, २३ इंच २ रेषा म्हणजे सुमारे ६२७. हवेचं तापमान १४ अंश सेल्सिअस धरलं, तर दाब आणि उंचीच्या सूत्रातून उत्तर येतं १,०६० मीटरच्या आसपास. प्युई द दोमची उंची १,४६५ मीटर आहे आणि क्लेरमाँ शहराचा सखल भाग साधारण चारशे मीटरवर. कागद-पेन्सिलीवर हे जुळलं तेव्हा मी खरंच खुर्चीतून उठलो होतो.

पण शंकाही घ्यायला हव्यात

इतिहास वाचताना नायक करून टाकायची घाई नको. पहिला वाद श्रेयाचा. देकार्त आणि पास्कल यांची सप्टेंबर १६४७ मध्ये पॅरिसमध्ये भेट झाली होती, आणि डोंगरावरच्या प्रयोगाची कल्पना मीच सुचवली असं देकार्तने पुढे पत्रात लिहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फेलिक्स मात्यू या फ्रेंच अभ्यासकाने तर नोव्हेंबर १६४७ चं पत्रच नंतर रचलेलं असावं असा आरोप केला. त्यावर बरीच वादावादी झाली.

दुसरी शंका आकड्यांची. हाताने भरलेली नळी पाच वेळा उपडी करायची आणि दर वेळी अगदी तेच उत्तर? नळी भरताना हवेचा एखादा बुडबुडा आत राहतोच. प्रयोग केलेल्या कोणालाही हे जरा जास्तच स्वच्छ वाटतं. पेरिएंनी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. बहुधा त्या काळी सगळी रीडिंग्ज वेगवेगळी छापण्याची पद्धतच नव्हती. पण तुम्ही मात्र तुमच्या वहीत पाचही आकडे लिहा, वेगळे आले तर वेगळेच लिहा. सरासरी नंतर काढता येते, खोडलेला आकडा परत आणता येत नाही.

आणि तिसरी शंका मला कळसूबाईवर आली.

कळसूबाई, फोन आणि दुपारचे चार

मागच्या डिसेंबरात आम्ही मित्र बारी गावातून कळसूबाईला गेलो. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. लोखंडी शिड्या, माथ्यावर देवीचं छोटं देऊळ. माझ्या फोनमध्ये वायुभाराचा सेन्सर आहे, म्हटलं आपणही पेरिए होऊ. दहाच्या सुमाराला गावात रीडिंग घेतलं, माथ्यावर घेतलं, चारच्या सुमाराला उतरून पुन्हा गावात घेतलं. आणि फोनच्या हिशेबाने बारी गाव सकाळपेक्षा जवळजवळ २५ मीटर वर गेलं होतं!

कारण शोधलं तेव्हा कळलं. आपल्या उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज भरती-ओहोटीसारखा हलतो. सूर्याच्या उष्णतेमुळे वातावरणात उठणारी ही लाट सकाळी दहाच्या सुमाराला माथ्यावर असते आणि दुपारी चारच्या सुमाराला तळाला. फरक साधारण ३ ते ४ हेक्टोपास्कल, आणि त्या उंचीवर १ हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे ९ मीटर. आपण ट्रेकला नेमके याच वेळात चढतो-उतरतो.

आता गंमत बघा. पेरिएंची एक रेषा म्हणजे जवळपास ३ हेक्टोपास्कल. फ्रान्सच्या अक्षांशावर ही रोजची लाट बरीच लहान असते, त्यामुळे फादर शास्टँच्या डोळ्यांना ती दिसली नाही. तोच प्रयोग बारीत झाला असता, तर संध्याकाळी त्यांनी सांगितलं असतं, "पारा एक रेषा खाली आलाय." मग निष्कर्ष कोसळला असता का? नाही. कारण माथ्यावरचा फरक साडेसदतीस रेषांचा होता. खालची नळी असल्यामुळे आपल्याला म्हणता आलं असतं, की साडेसदतीसातली एक रेषा वेळेमुळे, बाकीच्या उंचीमुळे. माझ्याकडे खाली कोणी नव्हतं, म्हणून मी फक्त गोंधळलो.

जानेवारीत परत गेलो. या वेळी पायाला मोच आलेला एक मित्र गावातच एका घराच्या ओसरीवर बसला, दुसरा फोन आणि वही घेऊन, दर पंधरा मिनिटांनी एक आकडा. निघायच्या आधी दोन्ही फोन शेजारी ठेवून जुळवून घेतले. संध्याकाळी त्याच्या आकड्यांनी माझे आकडे दुरुस्त केले आणि बारी गाव जागच्या जागी राहिलं. वर चढलेल्या आम्हा चौघांच्या फोटोत तो नाही, पण उंचीचं उत्तर त्याच्यामुळे आलं.

पेरिएंनाही खालच्या नळीचं कुतूहल सुटलं नाही. १६४९ च्या सुरुवातीपासून १६५१ च्या मार्चपर्यंत ते क्लेरमाँमध्ये रोज पाऱ्याच्या नोंदी ठेवत राहिले. त्याच काळात पॅरिसला आणि स्टॉकहोमलाही तशा नोंदी होत होत्या, स्टॉकहोमच्या कामात सुरुवातीला खुद्द देकार्तही होता. पारा एकाच जागी दिवसादिवसाला वर-खाली होतो हे त्यातून दिसलं. ज्या नळीने 'काहीच न बदलणं' अपेक्षित होतं, तिच्याकडे बघत बसण्यातून हवामानाच्या नियमित नोंदींचं काम पुढे गेलं.

तुमच्या प्रयोगासाठी

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा हे चार प्रश्न आधी कागदावर उतरवा. माझ्या दोन प्रतिस्पर्धी कल्पना कुठे वेगळं भाकीत करतात? दोन उपकरणं निघण्याआधी शेजारी ठेवून जुळवली का? परत आल्यावर सुरुवातीच्याच जागी पुन्हा मोजणार आहे का? आणि मी वर असताना खाली कोण थांबणार आहे?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी दुसऱ्या वर्षी दिलं नव्हतं. आता माझ्या टेबलावर दोन सेन्सर असतात. एकाला वायू मिळतो, दुसऱ्याला काहीच मिळत नाही, तो नुसता बसून असतो. त्याच्यावर आम्ही लेबल लावलंय: 'फादर शास्टँ'.